रबरी होडी आणि गावभरचे अंगठे

श्रावण लागला की मला माणसांच्या अंगठ्यांचा राग येतो. इतर बायकांना या दिवसांत झोके आठवतात, हातावरची मेंदी आठवते, ज्वारीच्या लाह्या आठवतात. मलाही आठवतात, नाही असं नाही. पण त्यांच्या आधी अंगठे येतात. तंबाखूने पिवळे पडलेले, नखात हळद गेलेले, गुळाने चिकट झालेले, आणि सगळेच्या सगळे स्वतःला शहाणे समजणारे.

काल नातवाने त्याच्या मुलीसाठी फुगवायचा हौद आणला. गच्चीवर विजेचा पंप लावला, थोडा वेळ घरघर झाली आणि हौद उभा राहिला. आता पोरीला त्यात बसवावं की नाही? नाही. नातू वाकला आणि त्याने हौदाचा काठ अंगठ्याने दाबून पाहिला. मग त्याची बायको आली, तिने दाबला. समोरच्या गच्चीवरचे गृहस्थ मुद्दाम आपला जिना उतरून आमचा जिना चढून आले, त्यांनीही दाबला आणि म्हणाले, "हवा थोडी कमी वाटते." पोरगी आपली ताटकळत उभी. मी म्हटलं, "किती भरायची ते हौदावर छापलंय, वाचा की." कुणी वाचलं नाही. मी चिडून खाली निघाले आणि जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकले. पोरगी ताटकळत उभी राहते आणि मोठी माणसं दाबत बसतात, हे मी एकदा पुरतं भोगलेलं आहे.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई संपून थोडेच दिवस झाले होते. आमच्याकडे तेव्हा मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, आणि सोलापूर इंग्रजांकडे. मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, तेर गावाच्या खाली नदीकाठच्या एका गावात वाणसामानाचं दुकान होतं. मालासाठी ते सोलापूरला जात. त्या उन्हाळ्यात तिथे पलटणीचं जुनं सामान ढिगाने विकायला आलं होतं. कांबळी, बूट, पत्र्याचे मग, काय वाटेल ते. मामंजींनी एक पिवळसर गठ्ठा दाबून पाहिला, ताडपत्री समजून घेतला आणि बैलगाडीत टाकला. करोडगिरीच्या नाक्यावर, म्हणजे निजामाच्या जकातीच्या चौकीवर, शिपायाने विचारलं, "क्या है जी ये?" मामंजी म्हणाले, "बोरे ढांकने की चीज है." शिपायानेही अंगठ्याने दाबून पाहिलं आणि गाडी सोडली. घरी येऊन गठ्ठा उलगडला तर आत होडी.

मामंजी चुकले असं म्हणणारं माणूस त्या घरात जन्माला आलं नव्हतं. त्यांनी उलगडलेल्या रबराकडे थोडा वेळ पाहिलं आणि जाहीर केलं, "होडीच आणायची व्हती मला. नदीकाठी ऱ्हातोय आपण." मग आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्या होडीवर उन्हाळाभर कुरडया वाळवल्या. कुरडया फार छान वाळल्या. होडीचा तेवढाच उपयोग ठरलेला होता, आणि तो तेवढाच राहिला असता तर बरं झालं असतं, असं मला पुढे पुष्कळदा वाटलं.

माझं लग्न फाल्गुनातलं. माहेर नदीपल्याड, बेंबळीच्या अंगाला. माझ्या आईला आम्ही अव्वा म्हणत असू. अव्वाच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. लग्नात ती पाहुण्यांना आवाजावरून ओळखत होती आणि ओळखलं नाही असं कुणाला कळू देत नव्हती. पाठवणीच्या वेळी तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरून आपल्या तोंडाजवळ नेलं आणि म्हणाली, "पंचमीला ये गं. तवर थोडं दिसंल मला. पुढचं न्हाय सांगता येत."

हे वाक्य उराशी धरून मी सासरी चैत्र, वैशाख, ज्येष्ठ आणि आषाढ काढले. दळताना, पाणी भरताना, चुलीत फुंकणी मारताना एकच हिशेब चाले, की पंचमी लवकर येते का अव्वाच्या डोळ्यांतला उजेड लवकर जातो. हा हिशेब कुणाला सांगण्याची सोय नव्हती. नवी सून माहेरची घाई करते म्हणजे तिला सासरी जड जातं, असाच अर्थ निघायचा.

तेरणा म्हणजे काही गोदावरी नव्हे. उन्हाळ्यात तिच्या पात्रात पोरं विटीदांडू खेळतात. आता तर तिच्यावर पूल आहे आणि एसटीतून जाताना नदी कधी गेली ते कळतही नाही. पण तेव्हा पूल नव्हता, उतारातून गाड्या जायच्या, आणि श्रावणात वर बालाघाटात पाऊस झाला की उतार बुडायचा. एरवी पाणी चढलं तसं उतरायचं. त्या वर्षी ते चढलं आणि बसून राहिलं, आमच्याच वाटेवर.

पंचमीच्या तोंडावर माझा थोरला भाऊ, अण्णा, मला न्यायला मुराळी म्हणून आला आणि पलीकडच्या काठावर अडकला. खांद्यावर घोंगडं, हातात माझ्यासाठी अव्वाने पाठवलेल्या बांगड्यांची पुरचुंडी. मी घागर घेऊन काठावर गेले तेव्हा तो तिथे उभा होता. सासुरवाशिणीने नदीकाठी ओरडायचं नसतं. अव्वाला माझे यजमान मामी म्हणत. तेही काठावर आले होते, त्यांनी माझा प्रश्न ओरडून विचारला, "मामींच्या डोळ्यांचं कसं हाय?"

पलीकडून उत्तर आलं, "सावलीवानी दिसायलंय. अव्वा वाट बघायली. उशीर करू नगा."

माझे यजमान बोलायला अगदी कमी. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतील तेवढंच, आणि माझ्याशी तर त्याहून कमी. वडीलधाऱ्यांसमोर बायकोशी बोलणं तेव्हा उर्मटपणात जमा होतं आणि आमच्या घरात वडीलधारे नाहीत अशी जागाच नव्हती. काठावरून परत येताना ते माझ्यापुढे चालत होते. मागे न पाहता एवढंच म्हणाले, "बघतो." घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून होडी खाली काढली.

दुसरा दिवस चतुर्थीचा. त्या दिवशी बहिणी भावासाठी उपास धरतात. माझा भाऊ नदीपलीकडे एका ओळखीच्याकडे रात्र काढून परत काठावर येऊन उभा, आणि मी अलीकडे त्याच्या नावाने उपाशी. होडी त्याच दिवशी पाण्यात जाणं भाग होतं, कारण पंचमीला काही चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, नांगर धरायचा नाही. आत्याबाईंनी त्यात स्वतःची भर घातली होती, "अन् फुगवायचं बी न्हाय. नागोबाचा फणा फुगतो त्या दिशी."

गावात एकच सायकल होती, इमामभाई शिंप्यांची. ते पंप घेऊन आले. पंपाचं तोंड बारीक आणि होडीचं पितळी तोंड रुंद. मध्ये चिंधी गुंडाळली, तर हवा होडीत जाण्याऐवजी इमामभाईंच्या दाढीत जाऊ लागली. मग होडी लोहाराच्या भट्टीवर नेली आणि तिथला भाता लावला. भाता दमदार, होडी बघता बघता उठून बसली. गावातली माणसं जमलेलीच होती. आणि मग ते सुरू झालं.

मामंजींनी आधी दाबलं. त्यांचा जन्म गुळाच्या ढेपा दाबून पाहण्यात गेलेला. ते म्हणाले, "ढेपेवानी पायजे. बोट आत जाता कामा न्हाय."

पाटलांनी दाबलं. "कसली ढेप? बैलाच्या वशिंडावानी पायजे. दाबलं की दबलं पायजे अन् सोडलं की वर आलं पायजे."

इमामभाई म्हणाले, "टायर देखो मेरा. इत्ता कडक होना."

मग सगळे सायकलचं टायर दाबून आले. टायर दाबलेला अंगठा होडीला लावायचा, पुन्हा टायरला लावायचा. होडीच्या काठावर इंग्रजीत काही छापलेलं होतं. शाळेच्या मास्तरांनी ते वाचलं, त्यात एक आकडाही होता, पण तो आकडा मोजायचा कशाने हे त्या छापणाऱ्याने लिहिलेलं नव्हतं. पाटील म्हणाले, "आकड्यावर काय बसायचंय का? अंगठा खोटं बोलत न्हाय." जमलेल्या प्रत्येकाने मग आपला खरा अंगठा लावला. मी लोहाराच्या भिंतीला टेकून, पदर कपाळावर, हातात कापडाचं बोचकं, पोटात कालपासून अन्न नाही. एखाद्याचा अंगठा धरून फिरवावा असं मला वाटत होतं.

तेवढ्यात ढगाआडून ऊन आलं. श्रावणातलं ऊन, जेवढं येतं तेवढं चटका देऊन जातं. होडी टम्म झाली, कातडं ताणून डफ व्हावा तशी. पाटील घाबरले, "फुटंल. सोडा जरा." हवा सोडली. सगळ्यांनी पुन्हा दाबलं, सगळ्यांचं एकदाचं जमलं. आत्याबाईंनी मला कुंकू लावलं, पाच-सहा जणांनी होडी डोक्यावर घेतली आणि मिरवणूक नदीवर आली. होडी पाण्यावर ठेवली. पाणी गार, वरचा पाऊस पोटात घेऊन आलेलं. आम्ही बघत असताना होडी मऊ पडत गेली. मामंजींनी दाबलं तर अंगठा मुळापर्यंत आत.

"भोक पडलंय," पाटील म्हणाले.

भोक शोधलं. सापडलं नाही. भाता जमिनीत रोवलेला, तो नदीवर येईना, म्हणून होडी पुन्हा डोक्यावर घेऊन लोहाराकडे. तिथे हवा भरली, ऊन आलं, होडी टम्म, पाटील घाबरले, हवा सोडली, आत्याबाईंनी कुंकू लावलं, मिरवणूक नदीवर, होडी मऊ. उन्हात घाबरून सोडायची आणि पाण्यात हळहळायचं, असा दुपारभर उद्योग चालला. त्या दिवशी माझी पाठवणी किती वेळा झाली ते देवाला ठाऊक. कपाळावर कुंकवाचा थर बसला होता. दर खेपेला पलीकडून अण्णा हात उंचावून तयार व्हायचा आणि दर खेपेला आमची पाठ पाहून खाली बसायचा. गावाने शेवटी निर्णय दिला की होडी पाण्याला भिते.

हवा उन्हाने फुगते आणि गारव्याने आकसते, हे मी पुढे मुलांच्या शाळेच्या पुस्तकात वाचलं. वाचून मला शहाणपण आलं नाही, नव्याने संताप आला. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यापायी एक बाई दिवसभर उपाशी उभी.

यजमान एवढा वेळ होडी वाहणाऱ्यांत होते. होडी वाहून वाहून त्यांच्या तळहातांवर वळ उठले होते. शेवटच्या खेपेला ते गुडघाभर पाण्यात होडीशेजारी उभे राहिले आणि काठाखालून त्यांनी एक बारकी नळी बाहेर काढली. टोकाला पितळी टोपण. ते म्हणाले, "ही तोंडानं भरायची जागा दिसती. पाण्यावर ठिवून इथनं फुकलं तर उनाचा संबंधच येत न्हाय."

मला वाटलं, सुटले.

"फुकणार कोण?" आत्याबाईंनी विचारलं.

"मी की."

"अन् तिचा उपास?" आत्याबाई म्हणाल्या. "आज भावाचा उपास हाय. नवऱ्याचं बी उष्टं आज चालत न्हाय तिला. तुझ्या तोंडच्या हवेवर ती बसली तर तिच्या भावाला बाधंल."

आता मला सांगा, यावर काय बोलावं. पण गाव बोललं. हवा उष्टी होते का, यावर काठावर बैठकच बसली. पाटील म्हणाले, शंख फुंकतो तो उष्टा धरत नाहीत. मामंजी म्हणाले, शंखावर कुणी बसत नाही. इमामभाई म्हणाले, "हवा तो अल्ला की है, उसका क्या उष्टा." ते मला सगळ्यांत पटलं, पण इमामभाईंचं मत आमच्या उपासाला लागू नाही असं ठरलं. मास्तर म्हणाले, तेरला जाऊन कुणाला तरी विचारावं. दिवस कलायला लागला होता.

पलीकडून अण्णाची हाक आली. "म्या जाऊ का मग? अंधार पडायच्या आत गावात पोचाया पायजे."

मुराळी रिकाम्या हाताने परत गेला तर अव्वा उंबऱ्यावर बसून त्याच्या पावलांमागे दुसरी पावलं ऐकत राहणार, हे मला डोळ्यांसमोर दिसलं. पुढच्या पंचमीला तिला मी दिसणार नव्हते. हे कुणाला समजावून सांगायचं? माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी बोचकं आत्याबाईंच्या हातात दिलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाण्यात शिरले. यजमानांच्या हातातली नळी घेतली, टोपण काढलं आणि फुंकायला लागले.

चार महिने त्या घरची ओली लाकडं फुंकणीने पेटवत होते मी. श्वास कुठून काढायचा ते मला कुणी शिकवायची गरज नव्हती. पोटात काही नव्हतं, तेव्हा जागाही भरपूर होती. एकेका फुंकरीबरोबर मी मनातल्या मनात एकेकाचं नाव घेत होते, पाटील, मामंजी, मास्तर, पलटणीचा तो छापणारा. होडी भरली. मी टोपण लावलं आणि तोंड पुसलं. स्वतःचं उष्टं स्वतःला थोडंच लागतं.

पण आत्याबाई हार मानणाऱ्या नव्हत्या. त्या हळूच म्हणाल्या, "तुझं झालं गं. पण वल्हं कोण मारंल? आता त्यात दुसरं कोण बसंल?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. नवऱ्याने बायकोच्या उष्ट्यावर बसायचं, तेही गावासमोर, आईबापासमोर. मी नळीकडे बघत राहिले.

यजमानांनी धोतराचा काचा मारला, आईच्या हातातलं बोचकं घेऊन होडीत टाकलं आणि आत जाऊन बसले. मला हात दिला.

नदीच्या मध्यावर होडी मधून वाकायला लागली. गार पाणी आणि वर दोन जणांचं ओझं. मी नळी तोंडाला लावली, पण पोट रिकामं, दोन फुंकरींत डोळ्यांपुढे अंधारी आली. यजमानांनी पाहिलं. वल्हं माझ्या हातात दिलं, ओणवे झाले आणि माझ्या तोंडातली नळी घेऊन आपल्या तोंडाला लावली. न पुसता. दोन्ही काठांवर माणसं उभी होती आणि नदीच्या मधोमध, ज्यांनी घरात माझ्याकडे कधी मान वर करून पाहिलं नव्हतं ते, माझी उष्टी नळी तोंडात धरून गाल फुगवून फुंकत होते. मला उपास आठवला. भावाला बाधेल, हे आठवलं. मी घाबरून पलीकडे पाहिलं तर अण्णा घोंगडं हवेत फिरवत नाचत होता, चांगला धडधाकट. मागच्या काठावरून फक्त मामंजींचा आवाज आला, "जास्ती भरू नको रे."

पलीकडे लागलो. अण्णाने मला हात देऊन उतरवलं असेल असं वाटतं ना? तो आधी वाकला आणि त्याने होडी अंगठ्याने दाबून पाहिली. म्हणाला, "जरा नरमच हाय की." मी त्याच्या त्या हातावर चापट मारली. ज्याच्यासाठी दिवसभर उपाशी राहिले, त्याला काठावर पाय ठेवताच मारलं. यजमान पहिल्यांदाच माझ्यासमोर हसले आणि होडी वळवून परत गेले.

घरी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. अव्वा उंबऱ्यावर होती. तिने मला दिव्याकडे वळवलं, तोंड आपल्या तोंडाजवळ नेलं आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने अंगठ्याने माझा गाल दाबला. आधी डावा, मग उजवा. "भरलीस गं," ती म्हणाली. "बरी ठिवलीत तुला." तिला मी दिसले का, ते मला आजपर्यंत माहीत नाही. ती 'दिसलीस' म्हणाली. आया म्हणतातच. त्या दिवसात मला दाबून पाहणारा तेवढा एकच अंगठा असा होता, की तो माझ्या गालावरून उचलला जाऊ नये असं वाटलं. मी तिच्या मांडीत डोकं घालून रडले. उपास, होडी, अंगठे, सगळं एकदम बाहेर आलं. पुढच्या श्रावणात तिला दिवा कुठे आहे तेही कळत नव्हतं.

पंचमी झाली, नदी उतरली, गाडीत बसून मी सासरी आले. दारातच मामंजींचा आवाज कानांवर पडला. होडी दुकानामागच्या गोदामात तशीच फुगलेली पडली होती. सगळी जागा तिने अडवलेली, आणि गुळाच्या ढेपा बाहेर ओलीत घाम सोडत होत्या. "हवा सोडू दीना," मामंजी मला पाहून म्हणाले, जणू मी न्यायनिवाडा करणार होते. "रोज सांगतोय. माल खराब व्हायलाय. पर न्हाय म्हंजे न्हाय. का म्हणून विचारलं तर बोलत बी न्हाय. काय म्हणावं या पोराला?"

यजमान तराजूत डाळ घालत होते. त्यांनी वर पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले.

दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी गोदामात गेले. होडीजवळ बसले आणि मीसुद्धा तेच केलं, अंगठ्याने दाबून पाहिलं. बरीच मऊ पडली होती. थोड्या दिवसांत आपोआप संपली असती. मी दार लोटून घेतलं, नळी काढली, टोपण उघडलं, चार फुंकरी घातल्या आणि टोपण पुन्हा घट्ट बसवलं. दुसऱ्या दिवशीही गेले. मी जायच्या आधी आणखी कुणी तरी येऊन जात असावं, कारण होडी काल सोडली त्याहून जास्तच भरलेली होती.

मामंजी रोज सकाळी गोदाम उघडायचे, होडी दाबायचे आणि बाहेर येऊन पाटलांना सांगायचे, "कायबी कळंना. हिला गोदामात बी ऊन लागायलंय का काय."